मराठी वाचकाने ई-रीडर आपलासा कसा करावा

प्रश्न असा आहे : मुलाने हौसेने ई-रीडर भेट दिला, इंग्रजी पुस्तके त्यावर चांगली दिसतात, पण मराठी पुस्तक उघडले की मन रमत नाही. अक्षरांचे वळण ओळखीचे वाटत नाही, ओळी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि फुकट मिळालेल्या काही पुस्तकांत तर जोडाक्षरेच तुटलेली दिसतात. यंत्र झोपलेले असताना दिसणारे चित्र, शब्दकोश, खुणा, कव्हर यांपैकी काय काय आपल्या आवडीप्रमाणे बदलता येते आणि त्यासाठी किती खटाटोप करावा, असेही विचारले आहे.

मराठी पुस्तकांच्या ईपब (ई-पुस्तकांच्या प्रचलित फाइल-साच्यातील) आवृत्त्या तयार करणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे ही तक्रार माझ्या परिचयाची आहे. ई-रीडर आपलासा करायचा म्हणजे आधी त्याचे पान आपलेसे करायचे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक लोक सुरुवात कव्हरापासून करतात, मग झोपेच्या पडद्यावर सुंदर चित्र लावतात आणि महिन्याभरात यंत्र कपाटात जाते. कारण ज्या पानाकडे तासन्‌तास पाहायचे ते पान कारखान्यातून आले तसेच राहिलेले असते. इंग्रजी वाचकाचे त्यावाचून फारसे अडत नाही, मराठी वाचकाचे अडते.

प्रथम यंत्राला देवनागरी नीट मांडता येते का, हे पाहावे. त्यासाठी एक छोटी चाचणी फाइल करून ठेवावी आणि तीत पुढील शब्द लिहावेत : विचार, दुसऱ्या, कऱ्हाड, वाङ्मय, उद्ध्वस्त, शृंगार, ज्ञान, ॲलर्जी, ऑक्टोबर. ‘विचार’ हा शब्द ‘वचिार’ असा दिसला, म्हणजेच ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकली, तर वाचनप्रणालीला देवनागरीची जुळणी येतच नाही असे समजावे. तेथे फॉन्ट बदलूनही उपयोग होत नाही. ‘ज्ञान’ किंवा ‘वाङ्मय’ यांत पाय मोडलेले अक्षर सुटे दिसले, तर दोष बहुधा फॉन्टचा असतो. ‘ॲलर्जी’च्या जागी रिकामा चौकोन आला, तर फॉन्ट जुना आहे, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतसूचीत, २००८ साली आले आणि त्यापूर्वीच्या फॉन्टांमध्ये ते नाही. नऊ शब्दांच्या या फाइलीवरून यंत्राविषयी जेवढे कळते, तेवढे जाहिरातीवरून कधीच कळत नाही, आणि नवीन यंत्र विकत घेणाऱ्यांनी तर ती फाइल खिशात घेऊनच मित्राचे यंत्र पाहायला जावे.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकांची अधिकृत विक्री डिसेंबर २०१६ पासून सुरू आहे आणि त्याच्या सध्याच्या यंत्रांवर ही चाचणी सहसा पार पडते. कोबो या दुसऱ्या ई-रीडरवर थोडी गंमत आहे. तेथे साधी ईपब फाइल एका प्रणालीतून दिसते आणि कोबोच्या स्वतःच्या साच्यातील, म्हणजे केपब, फाइल दुसऱ्या प्रणालीतून. त्यामुळे एकच पुस्तक दोन प्रकारे भरले तर दोन वेगळ्या पुस्तकांसारखे दिसू शकते. कोबो असल्यास चाचणी फाइल दोन्ही साच्यांत भरून पाहावी. दोन्हींत समाधान झाले नाही, तर कोरीडर नावाचा मोफत, मुक्त स्रोत वाचन-प्रोग्राम कोबोवर घालता येतो. त्याविषयी पुढे सांगतो.

आता फॉन्ट. किंडलमध्ये २०१८ पासून आणि कोबोमध्ये त्याहूनही आधीपासून आपला फॉन्ट भरण्याची सोय आहे. यंत्र केबलने संगणकाला जोडायचे, मुळाशी, म्हणजे इतर फोल्डरांच्या बाहेर, ‘फॉन्ट्स’ या इंग्रजी नावाचे फोल्डर असते किंवा नसल्यास करायचे, त्यात फॉन्टची टीटीएफ किंवा ओटीएफ प्रकारची फाइल टाकायची आणि केबल काढायची. मग अक्षरांच्या पर्यायांत तो फॉन्ट दिसू लागतो. पीडीएफ फाइलीला हा फॉन्ट लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे.

कोणता फॉन्ट भरावा याबाबत आवडी भिन्न असतात, तरी काही अनुभव सांगण्याजोगे आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा समान जाडीच्या रेघांचा, स्वच्छ आणि मोकळा फॉन्ट आहे; त्याच्या सात जाड्या मिळतात, त्यामुळे नेहमीचे अक्षर फिके वाटणाऱ्यांना त्यातील मध्यम जाडी निवडता येते. वर्तमानपत्री लेख, माहितीपर पुस्तके आणि दुखरे डोळे यांसाठी तो उत्तम आहे. कादंबरी वाचताना मला मात्र ‘टिरो देवनागरी मराठी’ आवडतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने मूर्ती क्लासिकल लायब्ररी या अभिजात भारतीय साहित्याच्या ग्रंथमालेसाठी करवून घेतलेल्या अक्षरांवरून तो सिद्ध झाला आहे आणि त्यात जाड-बारीक रेघांचा तोच खेळ आहे, जो जुन्या खिळ्यांच्या छपाईत असे. त्याच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे त्याला ठळक रूप नाही, त्यामुळे प्रकरणांची शीर्षके यंत्र कृत्रिमरीत्या जाड करते आणि ती थोडी लिबलिबीत दिसतात. दुसरी म्हणजे बारीक रेघा लहान आकारात फिक्या पडतात. म्हणून तो वापरताना अक्षर एक-दोन पायऱ्या मोठे ठेवावे. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा संस्कृत मजकूर पुष्कळ असलेल्या पुस्तकांसाठी मी राखून ठेवतो, कारण दुर्मीळ जोडाक्षरे त्यात नीट जुळतात. नोटो सेरिफ देवनागरी हा कोणत्याच बाबतीत पहिला येत नाही, पण कोठेही फसवत नाही. हे सर्व फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, म्हणजे ते उतरवून घेण्यात आणि पुस्तकात बसवण्यात कायद्याची कसलीही अडचण नाही.

पडद्याची घनताही येथे महत्त्वाची ठरते. इंचाला ३०० ठिपक्यांच्या पडद्यावर ‘द्ध’, ‘ष्ठ’, ‘ह्म’ यांच्या गाठी मोकळ्या राहतात. काही वर्षांपूर्वीच्या स्वस्त किंडलांवर हीच घनता १६७ होती. तेथे इंग्रजी वाचता येत असे, पण मराठी जोडाक्षरांची पोटे भरून येत. कोणी जुने यंत्र कमी किमतीत देऊ करत असेल तर एवढे पाहून घ्यावे. रंगीत पडद्याचा मोहही गद्य वाचणाऱ्याने आवरावा. सध्याच्या कॅलिडो ३ जातीच्या पडद्यावर काळे अक्षर ३०० घनतेनेच उमटते, पण रंगाची घनता १५० असते आणि रंगाच्या थरामुळे पानाची पार्श्वभूमी थोडी काळवंडते.

अक्षरांचे वळण परके वाटते, या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांत सापडते. मराठी वाचकाला पाकळ्यांचा ल आणि शेंडीफोड्या श यांची सवय आहे. राज्य शासनानेही ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वळणाचीच ही अक्षरे प्रमाण ठरवली. अनेक फॉन्टांमध्ये मात्र मूळ रूप हिंदी वळणाचे असते आणि मराठी वळण आत दडलेले असते. मजकुराची भाषा मराठी आहे असे फाइलीत नोंदलेले असेल तरच ते वळण बाहेर येते. पुष्कळ ईपब फाइलींमध्ये भाषेच्या जागी इंग्रजी किंवा हिंदी नोंदलेली असते, कारण तयार करणाऱ्याने साचा तसाच वापरलेला असतो. कॅलिबर या प्रोग्राममध्ये पुस्तकाची माहिती उघडून भाषेच्या रकान्यात मराठी निवडावी आणि पुस्तक पुन्हा यंत्रात भरावे. फॉन्ट आणि वाचनप्रणाली दोन्ही साथ देणारी असतील तर सगळे ‘ल’ एका क्षणात बदललेले दिसतात. त्या फंदात पडायचे नसेल तर ‘टिरो’ची मराठी आवृत्ती वापरावी, तीत मराठी वळण मुळातच दिलेले आहे. दुसरीकडे, भाषेचा रकाना रिकामा असल्यामुळे ‘सेंड टू किंडल’ या ॲमेझॉनच्या सेवेने यंत्राकडे पाठवलेली फाइल अडकून पडते, असेही होते. म्हणून तो रकाना भरण्याची सवय लावून घेणे दोन्ही अर्थांनी फायद्याचे आहे.

ज्यांना कॅलिबर ठाऊक नाही त्यांच्यासाठी : कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा मोफत प्रोग्राम संगणकावर बसवला की पुस्तकांचे साचे बदलणे, मुखपृष्ठ लावणे, माहिती दुरुस्त करणे आणि यंत्रात भरणे ही सर्व कामे एका ठिकाणी होतात. ई-रीडरवर मनापासून वाचू इच्छिणाऱ्याने तो शिकलाच पाहिजे, असे मी म्हणेन. बाकीच्या क्लृप्त्या ऐच्छिक आहेत.

ओळींमधील अंतराकडे वळू. रोमन अक्षरांसाठी जे अंतर ‘मध्यम’ म्हणून दिलेले असते ते देवनागरीला अपुरे पडते, कारण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार. वरच्या ओळीतला ‘कृ’ आणि खालच्या ओळीतला ‘र्कीं’ एकमेकांना भिडले की डोळा अडखळतो, आणि वाचकाला वाटते की आपला चष्मा बदलायला झाला. अंतर एक पायरी वाढवावे आणि समास मात्र कमी करावेत, कारण मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा’ हा एकच शब्द सहा इंची पडद्यावर निम्मी ओळ व्यापतो. याच कारणाने दोन्ही कडा सारख्या करणारी मांडणी मराठीला मानवत नाही. लांब शब्द ओळीत मावला नाही की तो खाली जातो आणि उरलेले चार शब्द एकमेकांपासून दूर फेकले जातात. डावी कड सरळ आणि उजवी कड मोकळी ठेवण्याचा पर्याय निवडावा. सुरुवातीला पान विस्कटलेले वाटते. सवय झाल्यावर उलट वाटू लागते. माझ्या यंत्रावर ओळीत सहा ते आठ शब्द आणि पानावर अठरा-वीस ओळी बसतील असा आकार मी ठेवतो. किंडलवर अशी मांडणी स्वतःच्या नावाने जपून ठेवता येते. गद्यासाठी एक आणि पद्यासाठी एक, अशा दोन तरी कराव्यात.

पद्याला वेगळी मांडणी लागते, ती यासाठी की अक्षर मोठे झाले की कवितेची ओळ मोडते आणि मोडलेला तुकडा स्वतंत्र ओळ असल्यासारखा दिसतो. ओवीचे चरण असे तुटले की यमक कोठे पडते तेच समजत नाही, आणि अभंगाची तर चालच सुटते. यंत्र आडवे करून, अक्षर थोडे लहान ठेवून वाचल्यास हा त्रास जातो. पोथी आडवीच वाचत असत, हे येथे आठवते.

आता फायलींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण यंत्राला दिला जाणारा निम्मा दोष खरे तर फाइलीचा असतो. विनामूल्य आणि कायदेशीर मराठी पुस्तके मिळण्याची चांगली ठिकाणे आहेत. मराठी विकिस्रोतावर दुरुस्त केलेला युनिकोड मजकूर असतो आणि तेथून पुस्तक थेट ईपब स्वरूपात उतरवता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने पीडीएफ स्वरूपात खुली केली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तके मोफत देते. स्वामित्वहक्काचा नियम साधा आहे : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षांनी त्याने हयातीत प्रकाशित केलेले साहित्य सर्वांसाठी खुले होते. ह. ना. आपटे १९१९ मध्ये वारले, त्यांचे लेखन केव्हाच खुले आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून खुले झाले. नव्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना, टीपा आणि अनुवाद यांचे हक्क मात्र वेगळे असतात. हयात लेखकाचे पुस्तक कोणी व्हॉट्सॲपवर ‘फॉरवर्ड’ केले तर ते यंत्रात भरू नये, एवढेच म्हणतो. मराठी लेखकाला मिळणारे मानधन आधीच किती असते, हे सर्वांना माहीत आहे.

हौशी लोकांनी टंकलेल्या जुन्या फायलींमध्ये एक दोष हमखास आढळतो. पूर्वी अनेक कळफलकांवर अर्धा र उमटत नसे, म्हणून लोक ‘दुस-या’, ‘सा-या’, ‘वा-यावर’ असे मध्ये आडवी रेघ देऊन लिहीत. पान वाचताना ही रेघ सारखी खटकते, शब्दकोश चालत नाही आणि ‘दुसऱ्या’ असा शोध घेतला तर काहीच सापडत नाही. कॅलिबरच्या संपादकात ‘-या’ शोधून तेथे ‘ऱ्या’ घालावे. मात्र ‘सर्व एकदम बदला’ हे बटण दाबू नये, कारण ‘तीर्थ-यात्रा’सारख्या जोडशब्दांत ही रेघ योग्यच असते; एकेक ठिकाण पाहून पुढे जावे. कादंबरीएवढ्या पुस्तकाला एखादी दुपार पुरते. याच रीतीने ‘-हा’, ‘-हे’ शोधल्यास ‘कु-हाड’, ‘व-हाड’ अशी मंडळीही सापडतात. आवडत्या पुस्तकाची अशी दुरुस्ती करण्यात मला जो आनंद मिळतो, तो झोपेच्या पडद्यावरच्या चित्राने कधी मिळाला नाही. पण हा कदाचित माझ्या धंद्याचा दोष असेल.

पीडीएफ हे वेगळे दुखणे आहे. मराठी प्रकाशनव्यवसायात अनेक वर्षे श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर जुळणी होत आली. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. ती कॅलिबरमधून ईपब केली की पानभर निरर्थक चिन्हांचा कचरा मिळतो. तेथे वेळ घालवू नये. स्कॅन केलेल्या पानांचीही तीच गत. संगणकाने आपोआप वाचून तयार केलेली देवनागरी ईपब दुरुस्तीवाचून वाचनीय असेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

मग असे पीडीएफ वाचायचे कसे? थोडा हिशेब करू. मराठी पुस्तकाचे डेमी आकाराचे पान साधारण साडेपाच इंच रुंद असते आणि सहा इंची ई-रीडरचा पडदा रुंदीला सुमारे ३.६ इंच. पूर्ण पान बसवले तर अक्षर मुळाच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडे लहान होते. पण दोन्ही बाजूंचे समास छाटले आणि मजकूर ४.३ इंचांचा राहिला, तर तेच अक्षर मुळाच्या सुमारे ८४ टक्के दिसते, आणि यंत्र आडवे केले तर मुळापेक्षाही मोठे. समास छाटण्याची सोय कोरीडरमध्ये फार चांगली आहे; शिवाय स्कॅन केलेल्या पानातील शब्दांची चित्रे कापून ती नव्याने ओळींत मांडण्याची सोयही त्यात आहे. शिरोरेषेमुळे आपले शब्द एकसंध असतात, म्हणून ही युक्ती मराठीला बरी लागू पडते. मात्र छपाईत ओळी दाट असतील तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी यांत मोकळी फट उरत नाही आणि यंत्र भलत्या ठिकाणी कात्री चालवते. दिवाळी अंकांची पीडीएफ, दोन-तीन स्तंभ आणि मध्येच जाहिराती अशी असते. ती सहा इंची यंत्रावर वाचण्याचा हट्ट धरू नये. त्यासाठी टॅब्लेट किंवा छापील अंकच बरा.

विकतच्या पुस्तकांबाबत दोन गोष्टी माहीत असाव्यात. किंडलवर आता ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’च्या संकेतस्थळावरून पाठवता येते, २०० एमबीपर्यंतची, आणि ती पाठवताना तिचे रूपांतर होते, तीच फाइल केबलने सरळ टाकली तर किंडल ती उघडत नाही. दुसरे असे की, विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने भरण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. म्हणजे घेतलेले पुस्तक सहसा त्या कंपनीच्या यंत्रांत आणि ॲपमध्येच राहते. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहावे असे वाटणारे पुस्तक मी छापील घेतो, आणि एकदा वाचून दुसऱ्याकडे वळायचे असे पुस्तक ई-स्वरूपात. बुकगंगासारख्या मराठी दुकानाची ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात. ज्यांचा संग्रह तेथे मोठा आहे त्यांनी अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) रीडर घेण्याचा विचार करावा.

शब्दकोशाच्या बाबतीत कोरीडरचे पारडे जड आहे, कारण त्यात स्टारडिक्ट साच्यातील कोणताही कोश भरता येतो. जुने गद्य वाचणाऱ्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, अजूनही अमूल्य आहे. बखरीतला किंवा जुन्या कादंबरीतला अडलेला शब्द त्यात बहुधा सापडतोच. एक अडचण मात्र पक्की लक्षात ठेवावी. मराठीत शब्दाचे सामान्यरूप होऊन त्याला प्रत्यय लागतो, आणि कोशाला ते कळत नाही. ‘वाड्यातल्या’ या शब्दावर बोट ठेवले तर उत्तर येत नाही. खिडकीतला शब्द बदलून ‘वाडा’ असा करावा लागतो. पहिल्या प्रयत्नात काही मिळाले नाही म्हणून कोश निकामी ठरवू नये. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. तो मी फोनवर उघडतो. कोरीडर कोबोवर बसवणे सोपे आणि निर्धोक आहे, मूळ प्रणाली तशीच राहते. किंडलवर मात्र त्यासाठी कंपनीने यंत्राच्या प्रणालीला घातलेले कुलूप तोडावे लागते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पुस्तकांची मांडणी स्वच्छ ठेवण्यासाठी लेखकाचे नाव एकाच पद्धतीने लिहावे. ‘ह.ना. आपटे’, ‘ह. ना. आपटे’ आणि ‘हरि नारायण आपटे’ हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे गृहस्थ आहेत, आणि त्यांची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. विषयवार संग्रहांना मराठीच नावे द्यावीत : ‘रात्रीची’, ‘प्रवासातली’, ‘पुन्हा वाचायची’. असे कप्पे ‘कादंबरी’, ‘कथा’ या नेहमीच्या विभागणीपेक्षा अधिक वापरले जातात, असा माझा अनुभव आहे.

झोपेच्या पडद्यावरील चित्र बदलणे सोपे आहे. किंडलमध्ये ‘डिव्हाइस ऑप्शन्स’मध्ये ‘डिस्प्ले कव्हर’ चालू केले की चालू पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसते. आपण पाठवलेल्या पुस्तकाला मुखपृष्ठच नसेल तर कॅलिबरमधून ते आधी लावावे. कोबोमध्ये ‘.कोबो’ या लपलेल्या फोल्डरात ‘स्क्रीनसेव्हर’ या इंग्रजी नावाचे फोल्डर करून त्यात चित्रे ठेवता येतात. संगणकावर लपलेली फोल्डरे दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो. सहा इंची, ३०० घनतेच्या पडद्यासाठी १०७२ गुणिले १४४८ ठिपक्यांचे चित्र बरोबर बसते. पडद्यावर काळ्या-पांढऱ्यातील सोळाच छटा उमटतात, म्हणून छायाचित्रापेक्षा रेखाचित्र, लाकडी ठशाची छपाई, जुन्या पोथीचे पान किंवा आजोबांच्या पुस्तकावरची सही अशी चित्रे खुलतात. चित्राच्या तळाशी आपले नाव आणि फोन क्रमांक लिहावा. ई-इंकच्या पडद्यावरचे चित्र टिकून राहायला वीज लागत नाही. त्यामुळे बॅटरी संपलेले यंत्र एसटीत राहिले तरी, बंद होताना तेच चित्र पडद्यावर असेल तर, सापडणाऱ्याला क्रमांक वाचता येतो.

खुणा आणि टिपणे यांविषयी थोडक्यात : किंडलवर अधोरेखित केलेले सर्व काही ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरातील ‘माय क्लिपिंग्ज’ या साध्या मजकुराच्या फाइलीत जमा होत जाते आणि देवनागरी त्यात शाबूत राहते. अधूनमधून तिची प्रत संगणकावर काढून ठेवावी. लांब टिपण मात्र यंत्रावर टंकू नये. पडदा संथ असतो आणि विचार पुढे निघून जातो. वही जवळ ठेवावी.

प्रकाशाबद्दल एवढेच की, रात्री उबदार रंगाचा प्रकाश देणारे यंत्र असल्यास त्याची वेळ लावून टाकावी आणि मग त्या पर्यायाकडे पुन्हा पाहू नये.

राहिले कव्हर. सध्याच्या साध्या किंडलचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे. त्यावर जाड चामडी कव्हर चढवले की एका हातात धरून वाचण्याचे सुखच जाते. मी घरात यंत्र उघडेच वापरतो आणि बाहेर नेताना कापडी पिशवीत घालतो. खणाच्या कापडाची, आतून जुन्या मऊ सुती साडीचा थर दिलेली पिशवी शिंपी सहज शिवून देतो आणि ती दुकानातल्या कोणत्याही कव्हरापेक्षा देखणी दिसते. कोकणात किंवा घाटावरच्या पावसात फिरणाऱ्यांनी आत एक प्लॅस्टिकची बंद पिशवी ठेवावी, मग यंत्र जलरोधक असो वा नसो. पिशवीला चुंबकाचे बटण मात्र लावू नये. झाकण बंद झाले की झोपायचे आणि उघडले की जागे व्हायचे, हे यंत्राला चुंबकावरूनच कळते. बटणाचा चुंबक प्रवासात जवळ-दूर होत राहिला तर यंत्र पिशवीतच जागे होत राहते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत बॅटरी उतरते. नाडी किंवा साधे टिचबटण लावून घ्यावे.